चूक शोधायची तर वहीचं मधलं पान उघडा



जानेवारीतली गोष्ट आहे. शाळा सुटल्यावर चौथीतल्या एका मुलाचे वडील वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. कांद्याच्या लागणीतून तसेच उठून आलेले, पायांना चिखल. म्हणाले, "मॅडम, पोरगं पार बिघडलं. तिसरीत याला वजाबाकी यायची, आता चौथीत येईना. दिवाळीला मोबाइल घेतला तेव्हापासून हे असं झालंय. काल मी हाणलं याला." मुलगा त्यांच्या मागे मान खाली घालून उभा.

वही त्यांच्या हातातच होती. ५०३ वजा १२८, उत्तर ४२५. खाली ६२ वजा ३७, उत्तर ३५. अक्षर छान, मांडणी नीट, आणि उत्तरं चूक. याच मुलाने तिसरीत दोन आणि तीन अंकी हातच्याच्या वजाबाक्या न अडखळता केलेल्या मला आठवत होत्या, कारण तिसरीलाही मीच होते.

खरं सांगायचं तर मलाही मोबाइल पटला नव्हता. माझा संशय वेगळाच होता. डिसेंबरात लागणीच्या घाईत हा मुलगा बारा दिवस शाळेत आला नव्हता. मी मनात ठरवूनच टाकलं होतं, गैरहजेरीचा परिणाम. म्हणजे वडिलांकडे एक आरोपी तयार, माझ्याकडे दुसरा. पुरावा दोघांकडेही नाही. आणि मार मात्र मुलाने खाल्लेला.

तेवढ्यात संक्रांत आली आणि पुण्याहून माझा मामेभाऊ घरी आला. तो कॉम्प्युटरच्या एका कंपनीत कंपायलरवर काम करतो. माझं शिक्षण डी.एड., कंपायलर हा काही माझा प्रांत नाही. पण तिळगूळ खाताना त्याचा लॅपटॉप एका बाजूला आपला आपण चालू होता आणि स्क्रीनवर ओळी सरकत होत्या. विचारलं, "हे काय चाललंय?" तो म्हणाला, "ताई, गुन्हेगार शोधतोय. आठ हजारांतून एक. मी झोपलो तरी सकाळपर्यंत सापडेल." पोलीस खात्यात नसलेला माणूस असं बोलायला लागला की कुतूहल वाटणारच. म्हणून सगळं समजून घेतलं, आणि तेव्हापासून माझ्या वर्गातली एक सवय बदलली. आजचा लेख त्याबद्दल आहे.

कंपायलर म्हणजे दुभाषी. इंजिनिअर माणसाला कळेल अशा भाषेत प्रोग्रॅम लिहितो. यंत्राला ती भाषा कळत नाही. मधला दुभाषी त्याचं यंत्राच्या सूचनांमध्ये रूपांतर करतो. जगात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या दुभाष्यांपैकी एक म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये पहिल्यांदा सर्वांसाठी खुला केला. आज जगभरचे लोक मिळून तो सांभाळतात, आणि त्यात आपलेही आहेत. आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं. पुण्याच्या केपीआयटीतल्या इंजिनिअरांनी रेनेसास या जपानी कंपनीच्या चिपांसाठी जीसीसीवर बरंच काम केलं. म्हणजे हे सगळं सातासमुद्रापलीकडचं आहे असं समजायचं कारण नाही.

अशा दुभाष्यात दरवर्षी हजारो बदल होतात. प्रत्येक बदल करणारा तो चांगल्यासाठीच करतो. कुणी वेग वाढवतो, कुणी जुनी चूक दुरुस्त करतो, कुणी नव्या चिपची सोय करतो. पण कधी कधी एक गंमत होते. मागच्या आवृत्तीने ज्या प्रोग्रॅमचं बरोबर भाषांतर केलं, त्याचंच नवी आवृत्ती चुकीचं करते. आधी येत होतं ते आता येत नाही. या प्रकाराला ते लोक रिग्रेशन म्हणतात. जीसीसीच्या चुकांच्या जाहीर नोंदवहीत अशा चुकीच्या शीर्षकातच लिहिलेलं असतं, की ही रिग्रेशन आहे आणि अमुक आवृत्तीतली आहे. मी भावाला म्हटलं, "अरे, हे तर माझ्या चौथीतल्या पोराचं वर्णन झालं."

आता आठ हजार बदलांत दोषी कोण, हे कसं शोधायचं? साधा माणूस संशयावरून शोधेल. त्याने काल काहीतरी केलं होतं, हा बदल मोठा दिसतोय, तो नवीन मुलगा नेहमी गडबड करतो. आपण घरात आणि शाळेत असंच शोधतो. दुसरा मार्ग म्हणजे पहिल्यापासून एकेक तपासत जाणं. पण प्रत्येक तपासणीला तो कंपायलर त्या टप्प्यापर्यंत नव्याने बांधावा लागतो, आणि त्यात तासभर सहज जातो. आठ हजार तास म्हणजे जवळपास एक वर्ष.

तिसरा मार्ग म्हणजे निम्म्याचा. आठ हजारांच्या बरोबर मधला, चार हजारावा टप्पा घ्यायचा. तिथवरचा कंपायलर बांधायचा आणि तोच एक छोटा प्रोग्रॅम त्याला द्यायचा. उत्तर बरोबर आलं तर दोषी पुढच्या चार हजारांत आहे. चूक आलं तर मागच्या चार हजारांत. एका तपासणीत चार हजार बदल निर्दोष सुटले! मग उरलेल्यांचा मध्य, मग त्याचा मध्य. ८,१९२ चं ४,०९६, मग २,०४८, १,०२४, ५१२... असं करत तेरा तपासण्यांत एकच बदल उरतो. तेरा! हिशोब वहीवर करून पाहा, मी पाहिला. १ ला २ ने तेरा वेळा गुणलं की ८,१९२ येतात.

यासाठी गिट नावाच्या साधनात तयार सोय आहे. गिट म्हणजे बदलांची दैनंदिनी. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ती सुरू केली आणि त्याच वर्षी तिच्यात ही निम्म्याने शोधायची आज्ञा आली. तिला एक चांगला टप्पा सांगायचा, एक वाईट टप्पा सांगायचा, मधला ती स्वतः काढून देते. तपासायची कृतीही लिहून दिली तर सगळं आपोआप चालतं. म्हणूनच माझा भाऊ निवांत तिळगूळ खात होता. जीसीसीचा सगळा इतिहास जानेवारी २०२० पासून याच गिटमध्ये आहे.

रीत मात्र गिटपेक्षा जुनी. क्रे रीसर्च या महासंगणक बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीत कंपायलरच्या कामात ती वापरली जायची. तिथल्या ब्रायन नेस आणि व्हिएत न्गो यांनी १९९७ मध्ये त्यावर निबंध वाचला. (क्रे हे नाव ऐकल्यासारखं वाटलं ना? अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, आणि मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. सामान्य ज्ञानाच्या तासाला सांगायला बरं.)

पालकांना मात्र कंपायलर सांगायची गरज नाही, पाइपलाइन पुरते. आपल्या कळवणात गिरणाकाठच्या विहिरीवरून दीड-दीड किलोमीटर पाइप पुरून पाणी वावरात नेलेलं असतं. मोटार पूर्ण पाणी फेकते आणि वावरात निम्मंच पोचतं. गळती जमिनीखाली कुठेतरी. वीस फुटांचा एक असे अडीचशे पाइप. विहिरीपासून खणत सुटणारा माणूस मी तरी पाहिला नाही. शहाणा शेतकरी मधल्या जोडावर जाऊन पाणी किती येतं ते बघतो. पूर्ण येत असेल तर विहिरीकडची सगळी लाइन सोडून देतो. आठ वेळा बघितलं की पाइप हातात. वायरमनही फीडरवरचा फॉल्ट असाच मधून तोडून शोधतो. म्हणजे रीत गावाला माहीत आहे. ती फक्त मुलाच्या वहीला कुणी लावत नाही.

मुलांना ही रीत खेळातून पटकन कळते. मी १ ते १०० मधली एक संख्या मनात धरते, मुलांनी प्रश्न विचारायचे, मी फक्त हो किंवा नाही म्हणणार. पहिल्या दिवशी पोरं "सत्तावीस आहे का? नव्वद आहे का?" करत बसतात, वीस-वीस प्रश्न जातात. दोन-तीन खेळांनंतर कुणीतरी एक विचारतं, "पन्नासपेक्षा मोठी आहे का?" त्या क्षणी वर्गात जे होतं ते पाहण्यासारखं असतं. नंतर सात प्रश्नांच्या वर कुणी जात नाही. करून पाहा.

तर संक्रांतीनंतर शाळेत आले आणि त्या मुलाच्या वह्या काढल्या. सुदैवाने त्या होत्या. त्या वर्षी जूनपासून मी "रोजची तीन" असा उपक्रम घेत होते. परिपाठ झाला की फळ्यावर तीन गणितं, एक बेरीज, एक हातच्याची वजाबाकी, एक गुणाकार. वर तारीख. मुलांनी सोडवायची, मी तपासायची. पण तपासताना घाईत बरोबर-चूकची खूण करून पुढे जात होते, हे मान्य करते. २२ मुलांच्या वह्या आणि त्यात चार वर्ग एकत्र. कुणाची खूण कधी बदलली हे लक्षात राहत नाही.

सुट्ट्या, कार्यक्रम आणि माझी प्रशिक्षणं वगळून त्याची १२८ पानं भरत होती. पहिलं पान बरोबर, शेवटचं चूक. मध्य ६४. उघडलं, वजाबाकी बरोबर. मग ९६ वं, चूक. मग ८० वं, पण त्या दिवशी तो गैरहजर, पान कोरं. शेजारचं ८१ वं पाहिलं, चूक. (गिटमध्येही एखादा टप्पा बांधताच आला नाही तर तो सोडून शेजारचा घ्यायची सोय आहे म्हणे.) ७२ वं बरोबर. ७६ वं चूक. ७४ वं बरोबर. ७५ वं चूक.

सात पानं. पाच मिनिटंही लागली नाहीत. खात्री करायला ७५ च्या मागची चार आणि पुढची चार पानंही पाहिली, कारण एखाद्या दिवशी मूल उपाशी असतं, भांडून आलेलं असतं, तेव्हा येत असलेलंही चुकतं. पण इथे रेघ अगदी स्वच्छ होती. ७४ पर्यंत सगळ्या वजाबाक्या बरोबर. ७५ पासून जिथे वरचा अंक लहान तिथे प्रत्येक वेळी चूक, आणि प्रत्येक वेळी एकाच पद्धतीची चूक.

७५ व्या पानावरची तारीख सप्टेंबरची होती.

सप्टेंबरात त्या घरात मोबाइल नव्हता. सप्टेंबरात कांद्याची लागण नव्हती. वडिलांचा आरोपी सुटला, माझाही सुटला. राहिला तो दिवस. मी कपाटातून माझी टाचण वही काढली. आदल्या दिवसाच्या टाचणात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, शाब्दिक उदाहरणे, फरक काढणे. आणि मला तो तास आठवला. "सीताकडे ४५ बोरं, गीताकडे ७२, फरक किती?" अशी उदाहरणं होती. काही मुलं ४५ मधून ७२ वजा करायला निघाली होती. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "फरक काढताना नेहमी मोठ्यातून लहान वजा करा." आणि 'नेहमी'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

त्या मुलाने मॅडमचं ऐकलं होतं. ५०३ वजा १२८ मध्ये एककाच्या घरात ३ आणि ८. मोठ्यातून लहान, ५. दशकात ० आणि २. मोठ्यातून लहान, २. शतकात ५ आणि १, उत्तर ४. चारशे पंचवीस. माझ्या नियमाने बघितलं तर एकही चूक नाही.

त्या रात्री झोप नीट लागली नाही हे खरं. मुलाला मार बसला होता आणि कारण माझ्या तासातलं एक वाक्य होतं.

पण भावाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो जे बोलला ते मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे निम्म्याच्या शोधाने जो बदल सापडतो तोच दोषी असतो असं नाही. पुष्कळदा तो बदल अगदी बरोबर असतो. चूक दुसरीकडेच आधीपासून दडलेली असते, नव्या बदलामुळे ती फक्त वर येते. म्हणून आम्ही नोंदीत एवढंच लिहितो, की हे या बदलापासून सुरू झालं. पुढे का झालं ते वेगळं बघायचं." मी विचार केला. माझं वाक्य संख्यांबद्दल बरोबरच होतं. चौथीच्या पातळीवर मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करतात हे खरंच. मग २२ पैकी सगळ्यांची वजाबाकी का नाही बिघडली? बाकीच्यांच्या वह्या त्याच रीतीने पाहिल्या. आणखी चार मुलांची बरोबर त्याच पानाच्या आसपास बिघडली होती. म्हणजे एकूण पाच. उरलेल्या सतरा जणांना माझ्या 'नेहमी'ने काही झालं नाही.

त्या पाच जणांना मी एकेकट्याला बोलावून विचारलं, "५०३ मध्ये ५ म्हणजे किती?" चौघांनी सांगितलं, "पाच." म्हणजे पाचशे तीन ही एक संख्या आहे हे त्यांच्या मनात कधी बसलंच नव्हतं. त्यांच्यासाठी ते शेजारी-शेजारी उभे असलेले तीन अंक होते. तिसरीत हातच्याची वजाबाकी ते कृती म्हणून पाठ करून करत होते, कवायतीसारखी. वर लहान असेल तर शेजाऱ्याकडून एक घ्या. उत्तरं बरोबर येत होती म्हणून मी खूश. आतली पोकळी तिसरीपासूनचीच, माझ्या सप्टेंबरच्या वाक्याने ती फक्त उघडी पडली.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. मुलांच्या वजाबाकीच्या चुका आंधळ्या नसतात, त्यांना पद्धत असते, आणि त्यांनी त्या चुकांना प्रोग्रॅममधल्या चुकांचंच नाव दिलं, बग. शिक्षकांसाठी त्यांनी 'बगी' नावाचा एक कॉम्प्युटरचा खेळही केला होता. त्यात कॉम्प्युटर एका चुकणाऱ्या मुलाचं सोंग घेतो आणि शिक्षकाने गणितं घालून त्याची चूक ओळखायची. डी.एड.च्या दोन वर्षांत हे नाव माझ्या कानावर आलं नव्हतं. वर्गातला प्रत्येक "दुर्लक्ष करतो", "लक्ष नाही", "हुशार आहे पण आळशी" हा शेरा लिहिण्याआधी आपण असा एक खेळ खेळलो असतो तर बरं झालं असतं.

आता माझं म्हणणं. काही जणांना ते रुचणार नाही.

निम्म्याचा शोध चालतो तो इतिहास जपलेला असेल तरच. भावाच्या क्षेत्रात काही जण तर प्रत्येक टप्प्याचा बांधलेला कंपायलर साठवून ठेवतात, शोधताना वेळ जाऊ नये म्हणून. आपण काय करतो? सत्र संपलं की वह्या रद्दीत. त्याच्याही आधी खोडरबर. "वही टापटीप पाहिजे" म्हणून मुलाने केलेली चूक आपण त्याच्याकडूनच पुसून घेतो आणि वर बरोबर उत्तर लिहायला लावतो. भेटीला कुणी साहेब आले तर सुंदर वही दिसते. पण त्या वहीत मुलाचा काही मागमूस राहत नाही, फळ्याची नक्कल तेवढी राहते. माझ्या वर्गात आता गणिताच्या वहीत खोडायला बंदी आहे. चुकलं तर एक आडवी रेघ, खाली पुन्हा सोडवायचं. मध्यंतरी पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं दिली होती, त्यावर बरीच टीका झाली, दप्तराच्या ओझ्यावरून आणि कागदाच्या दर्जावरून. टीकेत तथ्य असेल. मला त्यातली एकच गोष्ट आवडली होती, मुलाचं लिहिलेलं त्या त्या धड्याला चिकटून राहायचं.

आणि आपल्या चाचण्या. पायाभूत चाचणी, मग संकलित, पुन्हा संकलित. चाचण्यांना माझा विरोध नाही. पण त्या दोन टोकं दाखवतात. इथे येत होतं, इथे येत नाही. मधल्या चार महिन्यांचं काय? तिथे आपण वर्णनात्मक नोंदी लिहितो, "गणिती क्रिया समाधानकारक करतो", "सरावाची गरज आहे". मी स्वतः अशा शेकडो नोंदी लिहिल्या आहेत. त्यांतली एकही नोंद त्या दिवशी माझ्या उपयोगी पडली नाही. कामाला आलं ते तारीख घातलेलं, न पुसलेलं, रोजचं एक साधं गणित. तेच गणित नाही, पण त्याच प्रकारचं. कारण प्रत्येक टप्प्यावर तोच प्रश्न विचारला नाही तर टप्प्यांची तुलनाच होत नाही.

आणखी एक. एका दिवशी एकच नवी गोष्ट. भाऊ सांगत होता, कुणी आळस करून दहा बदल एकत्र बांधून टाकले की शोध लागूनही फायदा होत नाही. गाठोडं सापडतं, आत कोण ते कळत नाही. अभ्यासक्रम संपवायच्या घाईत आपण फेब्रुवारीत जे करतो ते आठवा. माझ्या टाचणात त्या सप्टेंबरच्या दिवशी एकच घटक होता म्हणून मला माझं वाक्य सापडलं.

सगळीकडे ही रीत चालते असं मी म्हणणार नाही. वाचन सावकाश ढेपाळतं, त्याला आजपासून असं बोट ठेवता येत नाही. मूल गप्प गप्प का राहतं हे तर पानं चाळून कळणारच नाही, त्याच्या शेजारी बसावं लागतं. हो किंवा नाही असं स्वच्छ उत्तर असेल, आणि एकदा बिघडलं की बिघडलेलंच राहत असेल, तिथेच निम्म्याचा शोध खरा. अक्षर, शुद्धलेखनातला एखादा नियम, पाढे, हातचे, इथे मात्र तो फार उपयोगी आहे. पालकांनीही घरी वह्या फेकू नयेत. मूल अचानक चुकायला लागलं तर शेवटचं पान दाखवून रागावण्याआधी मधलं पान उघडून बघावं. तारीख बघावी. त्या तारखेला घरात काय होतं, शाळेत काय होतं, ते शांतपणे आठवावं.

दोषी बदल सापडला की कंपायलरवाले तो सरळ मागे घेऊ शकतात. एक आज्ञा दिली की जणू तो झालाच नव्हता. मुलाच्या डोक्यातून माझं वाक्य मला मागे घेता येत नव्हतं. फळ्यावर नवा नियम लिहून उपयोग नव्हता, नियमानेच घात केला होता. मग खोट्या नोटा आणल्या, शंभराच्या, दहाच्या, एकच्या. त्या मुलाच्या हातात पाचशे तीन रुपये दिले आणि म्हटलं, "मला एकशे अठ्ठावीस दे." त्याने तीन सुट्या रुपयांकडे पाहिलं, थांबला, म्हणाला, "मॅडम, शंभराची मोडावी लागंल." मोडली. दहाच्या दहा नोटा झाल्या. त्यातली एक पुन्हा मोडली. उरलेले मोजले, तीनशे पंचाहत्तर. मग त्याने आपणहून वहीतल्या ४२५ कडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. काड्यांचे गठ्ठे, नोटा आणि मग वही, असं तीन आठवडे चाललं.

वडिलांना मी शाळेत बोलावलं. सांगायला जड गेलं, पण सांगितलं, की चूक माझ्या एका वाक्यापासून सुरू झाली. ७५ व्या पानावरची तारीख दाखवली. ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तवा तर मोबाइल नव्हताच घरात." मुलाकडे बघितलं, आणि त्याचं दप्तर उचलून घेतलं.

काही सहकाऱ्यांनी मला नंतर सांगितलं, पालकांना असं सांगायचं नसतं, उद्या सगळंच आपल्यावर ढकलतील. मला तशी भीती वाटली नाही असं नाही. पण भावाच्या त्या जाहीर नोंदवहीत कुणाच्या बदलापासून बिघाड सुरू झाला हे सरळ लिहिलेलं असतं, सगळं जग वाचू शकतं. बहुतेक वेळा तोच माणूस येऊन दुरुस्त करतो आणि पुढच्या कामाला लागतो.

पाच मुलांपैकी चौघांची वजाबाकी आता रुळावर आहे. पाचवी मुलगी संक्रांतीनंतर आई-वडिलांबरोबर निफाडकडे द्राक्षाच्या कामाला गेली, ती अजून परतलेली नाही. तिची वही माझ्या कपाटात आहे, ७५ व्या पानाला घडी घालून ठेवली आहे. नोटांचा तिचा वाटाही वेगळा बांधून ठेवलाय.